सूज आत्याला, शिक्षा बोक्याला

मित्रांनो, मी नेलपॉलिशची एक जुनी बाटली आहे. रंग डाळिंबी. झाकण चिकट, स्वभाव त्याहून चिकट. माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे रंग, द्रावक आणि चकाकी आणणारी एक राळ यांना एकत्र घुसळून मला बनवलं. घुसळताना आम्हाला कोणी विचारलं नाही. पुढे मीही कोणाला विचारलं नाही.

मला एका आत्याने विकत घेतलं. ती पोस्टाच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे लोकांना आधी तिची बोटं दिसायची आणि मग ती. दर रविवारी तिची आठ वर्षांची भाची जीभ बाहेर काढून तिची नखं रंगवायची. रांगेतले लोक म्हणायचे, "काय रंग आहे हो!" ते माझे वैभवाचे दिवस होते.

एका सकाळी आत्याच्या पापण्या उशीसारख्या फुगल्या. मान लाल झाली. नखांना मात्र काहीही झालं नव्हतं. आत्या डोळे चोळायची, म्हणजे खरं तर मीच चोळायचे.

घरात चौकशी बसली. आधी साबणावर आळ आला, मग उशीवर. दोन्ही बदलले, तरी सूज हटेना. मग सगळ्यांची नजर बोक्याकडे गेली. तो भाचीचा लाडका. दिवसभर खुर्चीत झोपायचा म्हणून त्याला 'साहेब' म्हणत.

"केस गळतात त्याचे," बाबा म्हणाले.

"तुमचेही गळतात," आई म्हणाली.

"मी ताईच्या उशाशी झोपत नाही ना!"

आत्या मनाने वाईट नव्हती. ती म्हणाली, "रविवारपर्यंत बघू. सूज उतरली तर राहू दे बिचाऱ्याला."

भाचीने हिशोब केला की आत्या खूश तर साहेब सुरक्षित. ती रोज संध्याकाळी जुना रंग पुसून नवा लावू लागली. एकावर एक दोन हात.

"आत्या, सूज कमी झाली ना गं?"

"कमी? मला तू अर्धीच दिसतेस."

मला बोलता आलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं का? नसतं. इतके लाड माझे कारखान्यातही झाले नव्हते.

रविवारी आत्याचा एक डोळा पूर्ण मिटला. बाबांनी साहेबांना खोक्यात घातलं आणि दूरच्या एका धान्याच्या गोदामात सोडून आले. भाची दारात उभी होती. तिच्या अंगठ्यावर माझा ओला डाग होता.

बोका गेला, सूज राहिली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी आत्याच्या पाठीवर वेगवेगळे पदार्थ लावलेल्या छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहिली. एका जागी लाल चट्टा उठला होता. तो माझ्या राळेचा.

"हे सगळ्यांना बाधत नाही, यांना बाधतं," डॉक्टर म्हणाल्या. "नख टणक, त्याला काही होत नाही. पापणीची कातडी पातळ. हात लागला की तिथे उठतं. रोज कोण लावतं हे?"

"मी," भाची म्हणाली.



बाबा गोदामाकडे धावले. रखवालदार म्हणाला, "तो होय? उंदीर दिसला की पोत्यांवर चढून बसायचा. परवापासून पत्ता नाही."

आत्याचा चेहरा तीन आठवड्यांत पहिल्यासारखा झाला. भाची आता कोणाच्याच नखांना हात लावत नाही, स्वतःच्याही नाही. मला फेकायचं ठरलं होतं, पण आई म्हणाली, "अर्धी भरलेली आहे हो, वाया कशाला घालवायची?" आणि मला शेजारच्या काकूंना देऊन टाकलं.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच कळकळीची विनंती आहे. पापणी सुजली, तर घरातल्या मुक्या जिवाकडे बघण्याआधी स्वतःच्या नखांकडे बघा. काकू आज सकाळपासून डोळा चोळत आहेत. त्यांच्याकडे बोका नाही, पोपट आहे. काका मघापासून पिंजऱ्याकडे बघत आहेत.