जमनीनं गाव बांधलं

ट्रॅक्टरमागं जोडलेली सोलरची गाडी वस्तीत, कोलामांच्या पोडात शिरली, तेव्हा जमनी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन नाल्यावरून येत होती. गाडी घेऊन आलेल्या पांढरकवड्याच्या कलीमनं कड्या काढल्या, प्लेटा उघडल्या, आणि घटकाभरात मांडवातले कूलर घोंघावायला लागले. ज्या कोलाम पोडात आजवर विजेचा एक खांब आला नाही, तिथं तालुक्याच्या साहेबाच्या मेळाव्यासाठी वीज आली, तीही चाकांवर बसून. घ्या!

जमनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांडवाच्या मागंच बोअर होता. बोअरमध्ये मोटर होती, वर टाकी होती. सगळं सरकारनं बसवलं, फोटोही काढला. नव्हती ती फक्त वीज. कनेक्शन मागायला गेलं की हेच साहेब सांगायचे, "बोअर कोरडा आहे. कोरड्या बोअरला लाइन कशाला ओढायची?" आणि इकडं जमनीची सून नलू परवाच नाल्याच्या उतारावर गुंडासकट घसरली होती, सातव्या महिन्यात. पोर वाचलं हे नशीब! आता तिला गुंड उचलू द्यायचा नाही असं जमनीनं ठरवलं होतं. पण जमनीचे गुडघे तरी किती दिवस साथ देणार?

भाषण संपलं तशी ती सरळ साहेबापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, ह्या गाडीची वायर आमच्या मोटरले जोडा. पानी हाय का नाई ते आत्ताच पाहू."

"गाडी कार्यक्रमापुरती भाड्यानं आणलीय, बाई. उद्या दुसऱ्या गावात मेळावा आहे. आणि बोअर कोरडा आहे, किती वेळा सांगायचं?"

"कोरडा हाय तं जोडून पाहाले कायले भेता जी?"

मागच्या बाया फिसकन हसल्या. साहेबाचा पारा चढला. "आवर रे, चल," तो कलीमवर खेकसला.

जमनी तिथून निघाली ती थेट धाकट्या दिराकडं, भीमराजकडं. भीमराज पोडाचा भुमक, देवाचं सगळं त्याच्या हातात.

"भाऊजी, गाव बांधा."

पेरणीच्या आधी गाव बांधायचा इथला रिवाज. भुमकानं शिवेवर दोरी ओढली की दुसऱ्या दिवसाचं ऊन निघेपर्यंत बाहेरची वस्तू आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. माणसानं हवं तर चालत जावं.

"साहेब पोडात असताना?" भीमराज दचकला. "येड लागलं का वैनी? पोलीस येतीन."

"येऊ द्या! दिवस कोन ठरवते, आपुन का साहेब?"

"देवाच्या कामात लबाडी चालत नाई."

"लबाडी कायची? ह्याच हप्त्यात बांधाचं होतं ना? अन् गाव बांधते कायले? राखाले. मी नलूले त्या दगडात पडलेली पाह्यलं भाऊजी. राखा मंग!"

भीमराज उठला. आत गेला आणि दोरी घेऊन आला.

ट्रॅक्टर शिवेवर पोचला तेव्हा वाटेवर पळसाच्या पानांची दोरी ताणलेली होती आणि पलीकडं सगळं पोड उभं होतं. साहेबाची जीप बाहेरच्या रस्त्यावर.

"तोड ती दोरी! घाल ट्रॅक्टर!"

कलीमनं इंजिन बंद केलं. "नाई जी साहेब. कोनाच्या देवाची दोरी मी नाई तोडनार. कामावरून काढाचं तं काढा."

शेवटी साहेबाला कमरेत वाकून दोरीखालून जावं लागलं. "उद्या बघतो एकेकाला," असं म्हणत तो जीपमध्ये बसला. कलीमनं कुणी सांगायच्या आत ट्रॅक्टर बोअरकडं वळवला.

वायर जोडली. बटण दाबलं. मोटर नुसती गुरगुरली, पाणी काही येईना.

जमनीनं पाइपाला कान लावला. बोअर खरंच कोरडा असला तर? साहेब खरा ठरणार, भीमराजची दोरी फुकट जाणार, आणि नलूनं जन्मभर नाला चढायचा.

"थांबा मावशी, घाबरू नका," कलीम म्हणाला. "बहोत दिवस बंद हाय. कंडेन्सर गेला असंल." त्यानं पेटीतून दुसरा काढून लावला आणि पुन्हा बटण दाबलं.

पाइपातून आधी नुसती हवा फुसफुसली. मग लाल गाळ आला. आणि मग पाणी आलं, बदाबदा, टाकीचं बूड वाजवत! पोरं नागडी होऊन त्याखाली नाचली. जमनी रडली, आणि रडता रडता तिनं साहेबाला अशी शिवी हासडली की भीमराजनं कानावर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी ऊन निघालं, भीमराजनं रिवाजाप्रमाणं दोरी सोडली, तेवढ्यात पोलिसांना घेऊन साहेब हजर. कलीम गाडी जोडून तयारच होता. टाकी काठोकाठ भरलेली, नळावर बायांची झुंबड. एका पोलिसानं गुपचूप आपली बाटली भरून घेतली, पाणी पिऊन पाहिलं आणि साहेबाकडं बघितलं.

"गाडी न्या जी," जमनी म्हणाली. "मोटर चालते, बोअरले पानी हाय, साऱ्या पोडानं पाह्यलं. आता खांब आना."

"ही दादागिरी आहे!" साहेब ओरडला. "पुढच्या वेळी असं केलंत तर याद राखा!"

"पुढच्या टायमाले असं नाई करनार," जमनी म्हणाली. "ह्या खेपेले तुमी आत आल्यावर बांधलं. खांब न आनता मेळावा घ्याले याल, तं तुमी यायच्या आधीच बांधू."