धाकटीचे ब्रेक, धाकटीचे पाटे

मी दौंडची एक जुनी व्हॅन आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे इतकी, की माझ्यासारख्या गाड्या बनवणारा कारखानाही आता राहिलेला नाही. माझा मूळ रंग दुधी. आता दुधी कुठे संपतो आणि नुसता पत्रा कुठे सुरू होतो, ते मला सांगता येणार नाही.

कारखान्यात माझा सांगाडा जोडला, पत्रे बसवले आणि खाली पाटे लावले. पाटे म्हणजे एकीवर एक रचलेल्या, वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. खड्ड्याचा दणका आधी त्या सोसतात, मग तो गाडीला लागतो. मला रशीदभाईंनी घेतलं. ते लग्नाचे आचारी. कढया, पातेली, शेगड्या आणि पुढच्या सीटवर त्यांच्या बायको सरदारबी, असा आमचा संसार पाटसपासून कवठे येमाईपर्यंत फिरायचा. "रशीदची गाडी आली, आता पंगत वेळेवर बसणार," असं लोक म्हणत. ते ऐकून मला बरं वाटायचं.

रशीदभाईंचे एक मित्र होते, कारेगावचे गोकुळ. त्यांचा मांडवाचा धंदा. त्यांच्याकडेही माझ्याच कारखान्याची व्हॅन होती, पण पाच-सहा वर्षांनंतरच्या सालातली. मी तिला धाकटी म्हणायचे. वरून आम्ही सारख्याच दिसायचो. तिचे ब्रेक मात्र माझ्यापेक्षा मोठे आणि पाटे जाड होते. ज्या लग्नात त्यांचा मांडव, तिथे आमचा स्वयंपाक. मांडवामागे आम्ही दोघी शेजारी उभ्या असायचो, आणि ते दोघे आमच्या सावलीत बसून चहा प्यायचे.

एका उन्हाळ्यात मांडव सोडता सोडता गोकुळ खाली बसले, ते उठलेच नाहीत. रशीदभाईंनी त्यांना माझ्यातूनच शिरूरच्या दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही.

त्यानंतर रशीदभाई कामं घ्यायचे, गाडी चालवायचे, घरी यायचे. एवढंच. मला धुणं थांबलं. माझे ब्रेक ढिले झाले, पायडल दोनदा-तीनदा दाबल्याशिवाय लागेनासे झाले, तरी त्यांनी मला तसंच चालवलं. मिस्त्री अजीम म्हणाला, "रशीदभाई, हिच्या सालाचा माल आता मिळत न्हाई कुठं." रशीदभाईंनी नुसती मान हलवली. मलाही फारसं काही वाटलं नाही. खूप दिवस कुणी विचारलं नाही, की आपणही स्वतःला विचारत नाही.

मग गोकुळांच्या बायको सुलक्षणावहिनींचा फोन आला. त्यांच्या दिरांना, विश्वजीत यांना, अंगणात जवळच्या कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. अंगणात धाकटी उभी होती. तिचं इंजिन केव्हाच जाम झालं होतं. ती भंगारात जाणार होती.

रशीदभाई अजीमला घेऊन कारेगावला गेले. धाकटीच्या टपावर वाळवणाची चटई होती. सुलक्षणावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा कोरा होता.

"भावजी, काय लागंल ते काढून घ्या," त्या म्हणाल्या. "भंगारवाला समदंच तोडणार हाय."

रशीदभाईंनी धाकटीच्या दारावरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, "पुढचे ब्रेक तेवढे घेतो. बाकी राहू द्या."

अजीमने त्यांना बाजूला घेतलं. मी जवळच होते, मला सगळं ऐकू आलं. "असं अर्धं नेऊन भागायचं न्हाई. साल येगळं हाय. हिचे पुढचे ब्रेक मोठे, मग मागचे बी हिचेच पायजेत, ब्रेकचा पंप बी हिचाच. आन् पाटे बी घ्या. न्हाईतर ब्रेक मारला की तुमची गाडी पुढं नाक खुपसंल, आन् मागची चाकं धरायची न्हाईत."

"गोकुळची गाडी हाय ती, अजीम. मला तिला उघडी करवत न्हाई."

"आज न्हाई तर उद्या भंगारवाला करीलच की."

"त्याला करू दे," रशीदभाई म्हणाले.

अजीमने त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुढचे ब्रेक काढून मला बसवले. मित्रांनो, दुसऱ्याचा अवयव आपल्या अंगाला लागला की काय वाटतं, असं तुम्ही विचाराल. मला काहीच वाटलं नाही. फक्त पुढची चाकं परकी झाली.

दोन-तीन कामं नीट पार पडली. तेव्हा उसाचा हंगाम सुरू होता. पाटसला एका लग्नाचा स्वयंपाक होता. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाचं पाचट पडून निसरडा चिखल झाला होता. पुढे उसाने भरलेली ट्रॉली अचानक थांबली. रशीदभाईंनी ब्रेक दाबला. माझी पुढची चाकं जागीच रुतल्यासारखी थांबली, नाक खाली गेलं, आणि हलकी झालेली मागची बाजू गरकन फिरली. मी आडवी होऊन ट्रॉलीच्या अलीकडे थांबले. मागची मोठी कढई सुटून पुढच्या सीटवर आदळली. सरदारबींचं मनगट तिच्याखाली सापडलं.

लोकांनी धावत येऊन कढई उचलली, तशा त्या मनगट मांडीवर धरून बसल्या. रशीदभाई त्यांच्यासमोर उभे होते.

"तुमी दोस्ताच्या गाडीला जपलं," सरदारबी शांतपणे म्हणाल्या. "त्यात आमाला जपायचं राहिलं."

हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं, सरदारबींना घरी सोडलं, आणि रशीदभाई अजीमच्या टेम्पोतून तडक कारेगावला गेले. इथून पुढचं मला अजीमच्या तोंडून कळलं.

अंगणात धाकटी नव्हती. खोल्यांचा पाया खणून झाला होता. रशीदभाई तिथेच उकिडवे बसले. सुलक्षणावहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या.

"गेली का वो, वहिनी?"

"गेली. पण अजीम तुमाला सांगत हुता ते म्या दारातून ऐकलं हुतं. पाटे, मागचे ब्रेक, पंप ठेवून घेतले. गोठ्यात हायेत. भंगारवाला कटकट करत हुता, म्या न्हाई ऐकलं."

"मग मला फोन का न्हाई केला?"

"तुमाला न्यायचं नव्हतं, भावजी. म्या कसं म्हणू, न्या म्हणून?" "मला बी ती तुटताना बघवत नव्हती. पर कुनीतरी बघायला पायजे हुतं. म्या उभी ऱ्हायले."

तेव्हा रशीदभाई रडले. गोकुळ गेल्यापासून पहिल्यांदा. अजीम म्हणतो, सुलक्षणावहिनी मात्र तशाच उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या धरून.

अजीमने माझं पोट उघडलं. धाकटीचे मागचे ब्रेक, तिचा पंप आणि पाटे मला लावले. पाट्यांची भोकं माझ्या सांगाड्याशी जुळत नव्हती, म्हणून त्याने नवे कान, म्हणजे पाटे अडकवायच्या भोकांच्या लोखंडी पट्ट्या, जोडून घेतले. या वेळी रशीदभाई शेवटपर्यंत शेजारी बसून होते आणि हवं ते अवजार हातात देत होते.

सरदारबींचा हात बरा होईपर्यंत पुऱ्या लाटायला माणूस हवं होतं. सुलक्षणावहिनी स्वतःहून म्हणाल्या, "म्या येते." त्या कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडल्या होत्या. त्यांना आणायला आम्ही कारेगावला गेलो. त्या पुढच्या सीटवर बसल्या. बाहेरच्या रस्त्यावर कंपनीची बस आडवी आली. रशीदभाईंनी ब्रेक दाबला. चारही चाकं एकदम धरली, आणि मी सरळ उभी राहिले.

सुलक्षणावहिनी समोर बघत होत्या.

"अशीच थांबायची त्यांची गाडी," त्या म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावून खूप वेळ बसल्या. रशीदभाईंनी गाडी कडेला घेतली आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत तिथेच उभी ठेवली.

मित्रांनो, खड्डा लागला हे मला आता कळतं, पण दुखत मात्र नाही. पाटे माझे नाहीत, म्हणून असेल. तरी तुम्हाला एक मागणं आहे. माझ्यासारखी जुनी गाडी तुमच्या घरी असेल, तर तिच्या खालीही वाकून बघा. आणि गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या हाती आली, तर जपायची म्हणून ती कोपऱ्यात उभी करू नका. पुरती घ्या, नीट जोडा आणि तिला चालू द्या. तिच्यात कुणीतरी बसणार आहे.