चौथ्या पायरीनंतर

"हे तुम्ही घातलंत?" साहेबांनी कानावरचे हेडफोन उतरवले.

"मी नाही. मूळ फाइलीत हे वाक्यच नाहीये," लेखनिक बाई म्हणाल्या.

कारखाना घरी वापरायच्या श्वासयंत्रांचा. यंत्र कसं चालवायचं याची माहिती बाई एकाच फाइलीत, एकदाच लिहीत. बटण दाबलं की त्या मुळातून छापील पुस्तिका, वेबसाइटवरचं पान आणि मोबाइलवर ऐकायची प्रत अशी तिन्ही रूपं तयार होत. मूळ सुधारलं की तिन्ही सुधारत. ही पद्धत बसवली अण्णांनी. "माणसानं एका तोंडानं एकच बोलावं," असं म्हणायचे. अकरा वर्षं ते बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसले. आठ महिन्यांपूर्वी वारले.

ऐकायच्या प्रतीत चौथी पायरी होती, 'नळी नाकात नीट बसवा.' ती संपली की कॉम्प्युटरचा तो सपाट, बायकी आवाज किंचित थांबायचा आणि म्हणायचा, "घाबरू नकोस. मी इथंच बसलोय."

बाईंनी मूळ फाइल ओळ न् ओळ चाळली होती. चौथी पायरी पुसून पुन्हा टाइप केली, सगळा मजकूर नव्या फाइलीत नेला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला. वाक्य येतच राहिलं. पुस्तिकेत ते नव्हतं, पण चौथ्या पायरीखाली एक ओळ कोरी सुटत होती. वेबसाइटच्या पानावरही तेवढीच. एक वाक्य मावावं एवढी.

"काढून टाका. उद्या माल जायचाय," साहेब म्हणाले. मग आवाज उतरवून, "एकट्या माणसाला धाप लागली, आणि शेजारी कुणी आहे असं समजून त्यानं हाकच मारली नाही तर?"

त्यांचं काही खोटं नव्हतं.

दुपारी बाई अण्णांच्या घरी गेल्या. अण्णांच्या पत्नीला, वहिनींनाही तेच यंत्र लागायचं. नाकात नळी घालून त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बाईंनी त्यांच्या मोबाइलवर ती प्रत उघडून दिली. वहिनींनी दोनदा ऐकली.

"अण्णा असंच म्हणायचे का हो तुम्हाला?"

"कधीच नाही." वहिनींनी दम घेतला. "मला धाप लागली की ते खोलीबाहेर जायचे. बघवायचं नाही त्यांना. दाराखालच्या फटीतून पावलं दिसायची. तिथंच उभे असायचे, पण आत यायचा धीर व्हायचा नाही." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आवाज त्यांचा नाही. पण बोलण्याआधीचं अडखळणं त्यांचंच आहे."

बाई परतल्या. पुसायला काही नव्हतंच. त्यांनी चौथ्या पायरीखाली लिहिलं, 'घाबरू नका. घरातल्या कुणाला तरी जवळ बसायला सांगा. एकटे असाल तर लगेच फोन करून मदत मागवा.'

बटण दाबलं की वहिनींच्या मोबाइलवरची प्रतही बदलणार होती. बाईंनी बटणावर बोट ठेवलं. शेजारचं टेबल केव्हाच दुसऱ्या खात्यात गेलं होतं. तरी त्या बाजूला कुणीतरी रोखलेला श्वास सोडल्यासारखं वाटलं. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"नीट लिहिलंय, अण्णा," त्या पुटपुटल्या आणि बटण दाबलं.

कोरी जागा भरून गेली. ऐकायच्या प्रतीतला आवाज चौथ्या पायरीवरून पाचवीकडे कुठंही न अडखळता गेला. बाईंनी तीनदा ऐकून पाहिलं.

ऑफिस सुटता सुटता वहिनींचा फोन आला.

"आता 'घाबरू नका' म्हणतंय."

"हो, वहिनी. बदलावं लागलं."

पलीकडून यंत्राची संथ घरघर तेवढी येत राहिली.

"बरोबरच आहे," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांसाठी आहे ना ते."

त्यानंतर बराच वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.