फिका होणारा दिवा

"मामाजी, आत्याबाईले दिला होता तसाच दिवा मलेबी करून द्या," रंजिता टेबलापाशी येऊन म्हणाली. "उद्यापासून सांबार उपटाले मी जाईन म्हणते. वाफे तसेच वाळून राह्यले."

श्रावणने मान वर केली नाही. समोर कुणाच्या तरी पंख्याचा रेग्युलेटर उघडा पडला होता, त्यातच तो स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. त्याची बायको गोपिका वारल्यापासून या सुनेने घर सांभाळलं, त्याला वेळेवर जेवू घातलं, स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं ते नेमकं हेच.

"तो नोको. साहिल पुलगाववरून येईन तवा त्याले बाजारातली बॅटरी आणाले सांगजो," त्याने मुलावर ढकललं.

"काऊन? तुमच्या दिव्यासारखा दिवा बाजारात नाई भेटत, असं आत्याबाईच म्हणत."

म्हणत खऱ्या. गोपिका साऱ्या आळीला तसं सांगत फिरायची.

देवळीच्या बसस्टँडजवळ श्रावणचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आताशा टीव्ही दुरुस्त करतं कोण? लोक बंद पडलेले एलईडी बल्ब आणून टाकत आणि तो ते उघडून बसे. घर चालायचं ते गावाच्या कडेला असलेल्या गोपिकाच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यांवर. सांबार दव अंगावर असताना उपटावा लागतो. ऊन चढलं की तो मान टाकतो, आणि गुजरीच्या भाजीबाजारात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून आळीतल्या बाया पहाट व्हायच्या आत बॅटऱ्या घेऊन निघत. घड्याळ कुणीच नेत नसे. बॅटरी पिवळी पडली की घरी जायचं, एवढाच त्यांचा हिशेब. पण गोपिकाची बॅटरी म्हातारी झालेली, जाऊन पोचत नाही तोच पिवळी पडायची.

"साऱ्या गावाचे दिवे लावता तुमी, अन घरी दिव्याखाली अंधार," असं ती सुनावायची, आणि त्याला मनातून ते आवडायचं.

म्हणून त्याने तो दिवा केला. जुन्या लॅपटॉपमधले दोन सेल, पांढरा एलईडी, तीन पायांचा एक आयसी आणि एक रेझिस्टन्स. सेल जास्त संपले की सर्किटच्या एका छोट्या पट्टीने करंट आपोआप तुटावा, म्हणजे सेल खराब होणार नाहीत, अशीही सोय केली. हात मोकळे राहावेत म्हणून गळ्यात अडकवायला गोपिकाने आपल्या जुन्या लुगड्याची किनार शिवून दिली. दिवा लागला तेव्हा ती हरखून गेली. मग तिने विचारलं की हा पिवळा कसा पडत नाही.

"दांडावर बारं धरते ना तू, वाफ्यात पाणी सोडाले?" श्रावण रंगात येऊन सांगू लागला. "तसा हा आयसी करंटच्या तोंडावर बसला हाय. विहिरीत पाणी वर असो का खाली जावो, वाफ्याले जितकं पायजे तितकंच सोडते. कमी नाई, जास्ती नाई."

"अन विहीर आटली मंग?"

"मंग एकदम बंद. पण तू चार्जिंगले लावत जाजो ना, कायले आटते?"

तो हसला. तीही हसली. त्याच आठवड्यात शेजारच्या लीलाबाईंनी हट्ट धरला आणि त्याने त्यांनाही तसाच दिवा करून दिला.

पुढे दसऱ्यानंतर एकदा रात्रभर लाइन नव्हती. दिवा पुरता चार्ज झाला नव्हता, पण पहाटे लावून बघितला तर नेहमीसारखाच लख्ख. गोपिका गेली. उजाडायच्या सुमाराला लोकांनी तिला शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून उचलून आणलं. पान लागलं होतं, साप चावला होता. घोट्यावर दाताच्या दोन खुणा दिसत होत्या. वर्ध्याला नेताना गाडीत तिचं डोकं श्रावणच्या मांडीवर होतं. पापण्या जड होत होत्या, तरी तिने त्याला खाली वाकायला लावलं.

"दिवा इझला जी, एकदम. पाय कुठी पडून राह्यला, दिसलंच नाई." मग थोडं थांबून म्हणाली, "कोणाले सांगू नोका. लोक तुमच्या दिव्याले नाव ठेवतीन."

दवाखाना यायच्या आधीच ती गेली. तेरवीला जमलेल्या बाया म्हणाल्या, एवढा उजेड गळ्यात असून सापानं गाठलं, बाईची वेळच आली होती. श्रावण ऐकून घेत राहिला. तिने शब्द घेतला होता, आणि खरं सांगायचं तर तो शब्द त्याच्याही सोयीचा होता.

"मामाजी?" रंजिता अजून उभीच होती. "मी काही चुकीचं बोलली का?"

"नाई." त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बस. तुह्या सासूच्या गळ्यातला दिवा त्या दिवशी इझला होता. आधी फिका झाला नाई, काही नाई. एकदम गेला. म्या तसाच बनवला होता."

रंजिताने पदर तोंडाशी धरला. ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती दाराकडे बघत होती.

"लीलाबाईजवळ तसाच हाय ना? त्या रोज घेऊन जाते."

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज पहाटे लीलाबाईंच्या फाटकाची कडी वाजायची, तेव्हा तो अंथरुणात जागाच असायचा आणि त्या परत येईपर्यंत कुशीवर वळत नसे. पण दिवा परत मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं.

तो उठला, चपला घातल्या आणि लीलाबाईंच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"लीलाबाई, तो दिवा वापस द्या."

"काऊन जी? चांगला तं चालून राह्यला."

"चांगला नाई तो. गोपिकाचा तसाच इझला, म्हणून तिले दिसलं नाई. माह्या दिव्यापायी गेली ते."

लीलाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. त्या उठल्या, खुंटीवरचा दिवा काढून त्याच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "ती गेली तवापासून मी रोज हाच गळ्यात घालून जाऊन राह्यली, भाऊजी." आवाजात राग नव्हता. असता तर श्रावणला बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्याने दोन्ही दिवे उघडले. गोपिकाचा त्याने इतके दिवस ट्रंकेत ठेवला होता. आयसी आणि करंट तोडणारी ती पट्टी काढून टाकली, दोनातला एक सेल काढला, आणि उरलेल्या सेलपुढे नुसता एक रेझिस्टन्स जोडला. नवशिक्याने पहिल्या दिवशी जोडावा तसा. आयुष्यभर अशा कामाला तो हसत आला होता.

"असा तं हळूहळू कमी होईन ना हा?" रंजिता म्हणाली.

"होऊ दे. कमी झाला का घरी येजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लीलाबाईंना बोलावून घेतलं, खिडकीवर घोंगडी टाकली, दार लावलं आणि गोपिकाचा दिवा टेबलावर लावून ठेवला. सेल मुद्दाम अर्धा उतरलेला घेतला होता. "हा बॅटरीसारखा पिवळा नाई पडत, फिका पडते. तो पाहून ठेवा," त्याने सांगितलं. तिघं बघत बसली. आधी काही कळेना. मग भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे दिसेनासे झाले.

"आता," श्रावण म्हणाला. "इतका झाला का हातातली जुडी तशीच टाकजा, अन निंघजा."

लीलाबाईंनी मान डोलावली. रंजिता बटण बंद करायला पुढे झाली, तसा त्याने तिचा हात धरला.

"राहू दे. पुरा जाऊ दे."

कुणी उठलं नाही. दिव्याचा उजेड टेबलापुरता उरला, मग त्याला शिवलेल्या लुगड्याच्या किनारीपुरता, आणि तरीही तो जाईना. श्रावण त्याच्याकडे बघत राहिला. एवढ्या वेळात गोपिका धुऱ्यावरून घरी आली असती, पाय धुऊन तिने चहासुद्धा ठेवला असता.