पत्र्यातून बेतलेली निळी मोटार

इंजिन गरम आहे तोवर ऐकून घ्या. ते थंड पडलं की माझं बोलणं थांबतं, आणि मला थांबणं मानवत नाही.

मी एक मोटार आहे. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, निळ्या रंगाची. कामठी रोडवरून जाते तेव्हा सायकलवाले माना वळवून बघतात आणि सिग्नलला गाठून विचारतात, "कुठली होय बाई ही? विलायती हाये का?" विलायत मी पाहिलेली नाही. माझा जन्म नागपुरात, इंदोऱ्यात, एका घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये झाला. जन्माला यायलाच मला दहा वर्षं लागली. तेवढ्या काळात मी कितीदा अर्धी झाले आणि कितीदा पुन्हा उसवली गेले, याला हिशेब नाही.

माझं वेड आधी घेतलं केशव ढोकेनं. तो सीताबर्डीच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात तिथे एक लाल विलायती स्पोर्ट्स मोटार आली. जबलपूरकडे निघालेल्या कुणा हौशी माणसाची होती. तिचा रेडिएटर फुटला, आणि मुंबईहून सुटा भाग येईपर्यंत ती गॅरेजात अडकून पडली. केशवनं दोरीनं तिची मापं घेतली. बर्डीवरच्या फोटोवाल्याला बोलावून तिचे फोटो काढून घेतले. दुरुस्तीनंतर ट्रायल म्हणून तिला शहराबाहेरच्या वाडीपर्यंत पळवून आणली. मग तिचा मालक आला आणि तिला घेऊन गेला.

त्या दिवसापासून केशवला चैन पडेना. जेवताना तो ताटातल्या भाकरीकडे बघत राही आणि बोटानं हवेत एक बाक काढी. त्याची बायको शामला विचारी, "काय पाहून राह्यले?" तो म्हणे, "तिचं मडगार्ड."

गॅरेजच्या मागे एक हेराल्ड मोटार पडून होती. अपघातात तिचं नाक चेपलं होतं, पण खालचा सांगाडा आणि इंजिन शाबूत होतं. तिच्या धन्यानं तिचा नाद सोडला होता. केशवनं ती बैलबंडीवर लादून घरी आणली. पलीकडच्या गल्लीत खिडक्यांचे गज नि लोखंडी फाटकं बनवणारे नत्थूजी होते. त्यांनी सांगाडा मधून कापून आखूड केला आणि पुन्हा जोडला. कापलं जाण्याची ती कळ ही माझी पहिली आठवण.

पुढची काही वर्षं केशव कामावरून आला की शेडमध्ये शिरायचा. भिंतीवर त्या लाल मोटारीचे फोटो लावलेले होते. तो पत्रा रेतीच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकायचा, फोटोकडे बघायचा, दोरीनं मोजायचा आणि मान हलवायचा. "नाई जमत." मग चांगला आलेला पत्राही तो मोडून टाकायचा. त्याची आई रंभाबाई दारात उभी राहून म्हणायची, "काहून रे केशव, ही मोटार होय का खाट होय? चार वर्सं झाले, जागची हालून नाई राह्यली."

मला हलायचं होतं हो! इंजिन तर केव्हाच सुरू झालं होतं. रविवारी तो ते चालू करी, आणि माझं सगळं अंग थरथरे. वाटायचं, आता निघाले. तेवढ्यात तो किल्ली फिरवून बंद करी आणि पुन्हा हातोडा घेई.

चौऱ्याहत्तर साली त्याला कुवेतमध्ये नोकरी लागली. निघताना त्यानं माझ्यावर ताडपत्री टाकली, कडा दोरीनं घट्ट बांधल्या आणि शामलाला सांगितलं, "हिले हात लावू नको वं. मी आलो का करतो पुरी."

शामला आपल्या शिलाईमशीनकडे वळली. ती सायकलरिक्षाचे टप, म्हणजे ताडपत्रीची छतं, शिवायची. कामठी, सावनेर, मौदा, सगळीकडच्या रिक्षावाल्यांना तिनं शिवलेले टप लागायचे, कारण तिचा टप पावसात गळत नसे आणि वाऱ्यात फडफडत नसे. घर आता तिच्या मशीनवर नि कुवेतच्या मनिऑर्डरीवर चाललं होतं. केशवचं येणं मात्र दर वर्षी पुढे ढकललं जाई. या दिवाळीला येतो, मग पुढच्या आखाजीला येतो.

ताडपत्रीच्या आत मी अंधारात होते. सीटच्या जागी उंदरांनी घर केलं होतं. बाहेर आवाज यायचे, ट्रकचे, रेल्वेचे, आणि प्रत्येक आवाजाबरोबर माझ्यातलं काहीतरी त्या दिशेनं ओढलं जायचं.

एकदा रंभाबाईनं भंगारवाल्याला बोलावलं. शेड मोकळी झाली तर तिथे भाडेकरू ठेवता येईल, असं तिच्या मनात होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. भंगारवाल्यानं ताडपत्रीची गाठ सोडायला हात घातला, तशी शामला मशीनवरून उठून आली.

"नाई इकाची."

"काहून वं?" रंभाबाई म्हणाली. "तो काई येत नाई अन् काई करत नाई. जागा अडवून बसली ही."

शामलानं ती सुटत आलेली गाठ मुठीत धरली. मग सासूला हळूच म्हणाली, "मामीजी, तुमच्या पोरानं दोन चिजा इथं ठेवून देल्या. एकीले भंगारात घातलं तर दुसरीनं काय समजाचं?"

रंभाबाईनं पदर तोंडाला लावला. भंगारवाला रिकामा गेला. पण शामला तिथेच उभी राहिली. गाठ अर्धी सुटलेली होतीच, ती तिनं पूर्ण सोडली आणि ताडपत्री ओढून काढली.

पहिल्यांदाच कुणीतरी मला बघत होतं, फोटोकडे न बघता.

पुढच्या मडगार्डवर तिनं बराच वेळ हात फिरवला. केशव तो अख्खा बाक एकाच पत्र्यातून ठोकून काढायला बघायचा, आणि दर वेळी कडेला सुरकुती पडायची. दुसऱ्या दिवशी ती खाकी कागद, कात्री नि टाचण्या घेऊन आली. ब्लाउज बेततात तसा तिनं माझ्या अंगावर कागद बेतला. जिथे कागद फुगला तिथे चिमटीत धरून चुणी घेतली, खडूनं खूण केली. मग तो फर्मा घेऊन ती नत्थूजींकडे गेली.

"भाऊ, पत्रा असा कापून द्या. अन् इथं टक्स घ्याचा हाये."

नत्थूजी हसत सुटले. "पत्र्याले टक्स मारते काय बाई? मोटारीले पोलका शिवतेस?"

"शिवून तर पाहू. नाई जमलं तर पत्रा माह्या."

पत्रा कापला गेला, चुणीच्या जागी जोडला गेला, जोड घासला गेला. मग तो माझ्या अंगावर बसला. नत्थूजी दोन पावलं मागे सरले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बस वं पोरी. बसला."

तिथून मी वाढत गेले. नत्थूजींना काम नसे तेव्हा ते येत. शामला टप शिवून झाले की येई. तिनं फोटो भिंतीवरून काढले नाहीत, पण त्यांच्याकडे फारसं बघितलंही नाही. लाल मोटारीचा दरवाजा उंच होता. पाय उचलून आत टाकावा लागे. शामलानं तो खाली उतरवला. "लुगडं नेसून त्याच्यात कोन चढन?" सीटही तिनं आपल्या बैठकीच्या मापानं केली. टप तर तिचाच हातखंडा. मी त्या लाल मोटारीपासून लांब लांब जात होते, आणि मला त्याची काही खंत नव्हती. मला फक्त घाई होती.

रंगाच्या वेळी नत्थूजींनी विचारलं, "लाल ना?"

"निळा," शामला म्हणाली. "वस्तीतल्या झेंड्यावानी."

रंभाबाई दारातूनच म्हणाली, "हो, निळाच मारा," आणि पहिल्यांदा शेडच्या आत आली.

कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानावर शामला गाडी शिकली. नत्थूजी शेजारी बसून ओरडत, "क्लच, बाई, क्लच!" आणि मी गचके खात, उड्या मारत, धूळ उडवत गोल गोल फिरत होते. इतक्या वर्षांची कोंडलेली धाव अशी तुकड्यातुकड्यानं निघाली. आरटीओत पासिंगला नेलं तेव्हा तिथल्या साहेबांनी माझ्याभोवती फेरी मारली. कागदावर हेराल्ड आणि समोर भलतंच काहीतरी.

"कंपनी कोणती?"

"इंदोऱ्याची," शामला म्हणाली.

साहेब हसले, वाकून सगळे जोड पाहिले, ब्रेक परत परत तपासले आणि सही केली.

असं माझं आयुष्य सुरू झालं. शेजारच्या सीटवर, डिकीत, जागा मिळेल तिथे टपांचे गठ्ठे भरून आम्ही सावनेरला जायचो, कामठीला जायचो. गांधीबागेतून ताडपत्रीचे ताके आणायचो. लोक हसायचे. एका रिक्षावाल्यानं तर विचारलं, "बाई, एवढी मोटार असून टप काहून शिवून राह्यल्या?" शामला म्हणाली, "मोटार हाये म्हून तर जास्ती शिवून राह्यली."

आणि मग एकोणऐंशीच्या हिवाळ्यात केशव आला.

त्याला घ्यायला आम्ही स्टेशनवर गेलो. शामलानं माझ्याबद्दल त्याला काही कळवलं नव्हतं. तिला त्याचा चेहरा बघायचा होता. तो मोठी पेटी घेऊन बाहेर आला, जाड झालेला, कानशिलं पिकलेली. शामलाला बघून हसला. मग तिच्यामागे मी दिसले.

हसू तिथेच राहिलं. तो माझ्याभोवती एकदा फिरला. दरवाज्याच्या कडेवर बोट ठेवलं. "ही ती नाई," एवढंच म्हणाला. घरापर्यंत पेटी मांडीवर घेऊन बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये आला. हातात पत्रा कापायची करवत होती. पेटीतून त्यानं लाकडी कडेचं एक देखणं स्टिअरिंग आणलं होतं, तेही बाजूला ठेवलं. करवतीचं पातं त्यानं माझ्या दरवाज्यावर टेकवलं. माझं इंजिन थंड होतं. पळता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं.

शामला आली. तिनं पातं बाजूला सारून तोच दरवाजा उघडला, आत बसली आणि स्टिअरिंगवर हात ठेवले.

"कापा," ती म्हणाली. "मी बसून राह्यते."

"शामले, उतर."

"नाई."

करवत त्याच्या हातात लोंबत राहिली. "तुले काय ठाऊक," तो म्हणाला. "तिथं एका खोलीत आमी आठ जनं झोपत होतो. डोळे मिटले का मी हिले रोज पुरी कराचो. एक एक खिळा. येऊन पाह्यतो तं तू करून बसली. माह्यासाठी काय ठेवलं तू?"

"अन् तुमी माह्यासाठी काय ठेवून गेल्ते?" शामला म्हणाली. "ताडपत्री?"

बाहेर रंभाबाईचा धुण्याचा आवाज थांबला होता.

"बसा," शामला म्हणाली. "कापाची तं मंग कापजा. आधी पाहा तरी कशी पळते."

आम्ही कोराडीवरून सावनेरच्या रस्त्याला लागलो. पहिला बराच पल्ला तो नुसता समोर बघत होता. मग त्यानं कान टवकारले. "थांब. टॅपेट वाजून राह्यली." रस्त्याच्या कडेला त्यानं माझं नाक उघडलं आणि पान्यानं काहीतरी नीट केलं. कित्येक दिवसांचा खडखडाट गेला. "चालवू काय?" त्यानं विचारलं. शामला उतरून डावीकडे गेली.

आणि केशवनं मला सोडलं. तशी मी पुन्हा कधी धावले नाही. दोन्ही बाजूंची कपाशी पांढरी रेघ होऊन मागे जात होती, टप फुगला होता, शामलानं दरवाजा घट्ट धरला होता. खरं सांगते, त्या वेळी मी कुणाची होते ते मला कळत नव्हतं. मग त्यानं एकदम वेग कमी केला, मला बाजूला घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"चांगली झाली वं," तो म्हणाला. "लय चांगली झाली. पन मले हिच्यात बसवत नाई. पुरी झाली ना ही. मले पुरी झालेली गोस्ट सोसतच नाई, शामले."

शामलानं त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांचं काहीतरी तिला त्या एका वाक्यात समजलं असावं. रागावली नाही. "मंग इकडं या," ती म्हणाली, आणि जागा बदलून मला घरी घेऊन आली.

करवत पुन्हा निघाली नाही. सुट्टी संपल्यावर तो कुवेतला परत गेला, आणि पुढे ती नोकरीच संपली तेव्हा कायमचा आला. आता सत्याऐंशी साल आहे. नत्थूजी राहिले नाहीत. रंभाबाईला दिसत नाही. ती माझा आवाज ओळखते. केशवनं शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात नवा एक सांगाडा आणून ठेवला आहे आणि त्यावर रोज ठोकतो. तो कधी होईल, असं कुणी विचारत नाही. माझं कार्बुरेटर, माझे ब्रेक तोच बघतो. मला चालवायला मात्र तो परत कधी बसला नाही.

माझ्या तळाला गंज लागला आहे. चढावर धूर निघतो. रस्त्यावर आता नव्या, चकचकीत, छोट्या मोटारी आल्या आहेत. त्या मला सहज मागे टाकतात. थांबावंसं अजून वाटत नाही.

आज मौद्याला टप पोचवायचे आहेत. सगळा माल डिकीत मावला नाही. शामलानं सहज विचारलं, "येता काय?" आणि केशव चक्क हात पुसत आला. आता तो माझ्या डाव्या सीटवर बसला आहे, मांडीवर हनुवटीपर्यंत टपांचा गठ्ठा. समोरचं त्याला काहीच दिसत नाही. "डावीकडं पाहा, कोनी येते काय," शामला म्हणते. "मले काय दिसते, कप्पाळ!" तो म्हणतो, आणि दोघं हसतात.

क्लच सुटला. भंडारा रोडला मागून माझा भोंगा ऐकलात, तर कृपा करून जरा बाजू द्या. आम्हाला पुढे जायचं आहे.