नजरचूक

वहीबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "थांबव. इथंच."

लॅबवाल्यानं चित्र थांबवलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर नायिका उभी होती. अंगावर शाल, डाव्या हातात कंदील.

"आता याच्या आधीचा शॉट दाखव."

आधीच्या शॉटमध्ये तीच पायरी होती, तीच शाल होती, आणि कंदील उजव्या हातात होता.

"यादीतला चौदा नंबर," लॅबवाला म्हणाला. "यावर लोक फार हसतात, मॅडम. भुतानं कंदिलाचा हात बदलून दिला म्हणतात, बाईंचा हात दुखत होता म्हणून."

वहीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून तिसरी वही काढली, चष्मा पुसला आणि पान शोधू लागल्या.

सकाळचे अकरा वाजले होते, पण खोलीत काळे पडदे ओढलेले असल्यामुळे वेळेचा काही पत्ता लागत नव्हता. कोपऱ्यात रिळांचे गोल डबे रचून ठेवले होते. त्यांतून आंबूस वास येत होता. चाळीस वर्षं लोकांना घाबरवत आलेला तो सिनेमा इथं एकेक फ्रेम करून धुतला जात होता. ओरखडे निघत होते, डाग निघत होते. आणि आता हात लागलाच आहे तर चुकाही काढून टाकू, असं मालकांच्या डोक्यात आलं होतं. सिनेमाच्या वेड्या चाहत्यांनी एकतीस चुका शोधून त्यांची यादी केली होती. त्यातलं बरोबर काय आणि चूक काय, हे सांगू शकेल असं एकच माणूस आता हयात होतं.

शॉटला शॉट जुळवणं हे वहीबाईंचं काम होतं. एका शॉटमध्ये शाल डाव्या खांद्यावर असेल तर पुढच्या शॉटमध्येही ती तिथंच हवी, मग मधे जेवणाची सुट्टी होवो नाहीतर आठवडा जावो. हातात सदा वही, म्हणून सगळं युनिट त्यांना वहीबाई म्हणायचं. पुढं नवराही तेच म्हणायला लागला. नजर अशी की घरात कुणी उशी हलवली तरी कळायचं. "आई, मीच हलवली हो, भूत नाही," असं सून आधीच सांगून टाकायची.

पण या सिनेमात आपण होतो, हे त्यांनी सुनेलाही कधी सांगितलं नव्हतं. चारचौघांत त्याचा विषय निघाला, कुणी कंदिलावरून हसायला लागलं, की त्या पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायच्या.

"हे बघ," त्यांनी वही त्याच्यापुढं सरकवली. "लिहिलंय की नाही? कंदील उजवा. शॉटमध्ये डावा."

लॅबवाल्यानं वाकून बघितलं. बारीक, सरळ अक्षर. तारीख, वेळ, कितवा टेक. सगळ्यात शेवटच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ.

"ही रेघ कसली?"

 वहीबाईंनी दोन-चार पानं मागं उलटली. तिथं त्याच रकान्यात शब्द होता: सांगितले.

"चूक दिसली की मी ओरडून सांगायचे. सांगितलं की असं लिहायचे."

"आणि रेघ म्हणजे?"

"नाही सांगितलं."

त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला, तशा त्या सावकाश सांगू लागल्या. शूटिंगच्या तेराव्या दिवशी जिन्यावर पहिल्यांदा कंदिलाचा हात बदलला. त्यांनी टेक तोडला. नायिका म्हणाली, कंदील आधीपासून डाव्याच हातात होता, तुमची वही चुकली असेल. वहीबाईंनी आधीच्या शॉटचा फोटो दाखवला. तरी ती ऐकेना. तशी चिडखोर नव्हती ती. त्या दिवशी मात्र हट्टाला पेटली. शेवटी दिग्दर्शक खुर्चीतून उठले आणि सत्तर माणसांसमोर म्हणाले, लोक भूत बघायला येणार आहेत, कंदील नाही. तोंड बंद ठेवायचं काय घ्याल?

"सगळे हसले," वहीबाई म्हणाल्या. "मी एकोणतीस वर्षांची होते. म्हटलं, ठीक आहे. लिहीन, पण बोलणार नाही. मान वर करूनसुद्धा बघणार नाही. टेक सुरू व्हायच्या आत आणि संपल्यावर बघायचं, तेवढ्यापुरतं. मधे खाली मान."

 लॅबवाल्यानं यादी समोर ओढली आणि म्हणाला, "मॅडम, ही यादी सिनेमात चुका जशा येतात तशी आहे. तुमच्याकडे तारखा आहेत. तारखेनं लावून बघू का? डब्यांवर शूटिंगच्या तारखा आहेत, त्यामुळं कोणत्या डब्यात काय आहे ते मला पटकन सापडेल."

त्या तारखा वाचत गेल्या, तो नंबर टिपत गेला. अर्धा तास गेला. कागद भरला तेव्हा दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

पहिल्या बारा दिवसांत एकही चूक नव्हती. तेराव्या दिवशी एक. पुढच्या आठवड्यात चार. त्याच्या पुढच्या आठवड्यात नऊ. मग रोज दोन, रोज तीन.

"सगळे दमले असतील," लॅबवाला म्हणाला.

वहीबाईंचं बोट कागदावरून खाली सरकत होतं. कंदील उजव्याचा डावा. बांगडी दुसऱ्या हातात. ओढायचं दार ढकललं. खाली उतरायचं तिथं दोन पायऱ्या वर. पुन्हा कंदील. डावं-उजवं, खाली-वर, आत-बाहेर. एकतीसच्या एकतीस चुका एकाच बाईच्या. दुसऱ्या कुणाचीही एकसुद्धा नाही.

"सिनेमा लागला आणि वर्षाच्या आत ती गेली," त्या म्हणाल्या. "डोक्यात गाठ होती. खूप उशिरा कळलं म्हणे."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. लॅबवाल्यानं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी हातात धरली, पण झाकण काढलं नाही.

"आणि मी सगळं तारखेवार लिहून ठेवलं होतं."

"तुम्हाला कसं कळणार, मॅडम?"

"मला नाही तर कुणाला?"

 लॅबवाल्याला वाटलं, आता त्या उठतील, मुलाला फोन करून बोलवून घेतील. पण त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"यादीत अजून काय राहिलं?"

तो जरा घुटमळला. "एकतीसात न मोजलेलं एक आहे. 'नजर' म्हणून वेगळं लिहिलंय. सात ठिकाणी त्या मधेच कॅमेऱ्याच्या बाजूला बघतात. तिथं भूत नसतं, काहीच नसतं. काही लोकांना सबंध सिनेमात तेवढीच जागा भीतीची वाटते. मालक म्हणतात, डोळे सरळ करून टाक. आता करता येतं ते."

"कुठल्या बाजूला?"

"आपल्या डाव्या हाताला. बसलेल्या माणसाच्या उंचीवर. कोण असायचं तिथं?"

"स्टूल असायचं," वहीबाई म्हणाल्या. "माझं."

त्यानं तारखेप्रमाणे सातही तुकडे काढले. आवाजाची पट्टी वेगळ्या डब्यात होती, त्यामुळं चित्र मुकंच चालत होतं. किंचाळ्या नाहीत, संगीत नाही. एक बाई जिना उतरते. मधेच थबकते. डोळे उचलते आणि पडद्याच्या डाव्या कडेपलीकडे बघते. एक श्वास जाईल इतका वेळ तिथंच बघत राहते. मग डोळे खाली घेते, आणि त्यानंतर हात चुकतो.

दुसऱ्या तुकड्यात तेच. तिसऱ्यात ती जरा जास्त वेळ थांबली. चौथ्यात तिच्या ओठांची किंचित हालचाल झाली. लोक त्याला भीती म्हणत आले होते. आता आवाज नसताना ती भीती वाटत नव्हती. वर्गात उत्तर आठवेना की मुलगी शेजारणीकडे बघते, तशी ती बघत होती.

"आधी ती नेहमी विचारायची मला," वहीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "टेकच्या आधी. मी बोटानं दाखवायचे, हा हात. भांडणानंतर वाटलं, आता कशाला विचारेल."

पाचवा, सहावा. प्रत्येक वेळी डोळे वर उठले, थांबले आणि रिकामेच खाली गेले.

"हा सातवा. शूटिंगचा शेवटचा दिवस," लॅबवाला म्हणाला. "तुमच्या वहीत याची नोंद नाही."

"नसणारच. मी तापानं फणफणले होते, घरी होते. स्टूलसुद्धा मांडलं नसेल कुणी."

चित्र सुरू झालं. नायिका जिन्याखालच्या दारातून आत आली. कंदील डाव्या हातात. आता ती बरीच वाळलेली दिसत होती, शाल खांद्यावरून घसरत होती. पहिल्या पायरीशी ती थांबली. डोळे उचलले. पडद्याच्या डाव्या कडेपलीकडे बघू लागली.

"उजवा," वहीबाई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं. मोठ्यानंही नाही, जितक्या आवाजात सेटवर सांगायच्या तितक्याच.

पडद्यावरची बाई क्षणभर तशीच राहिली. मग तिनं मान बारीक हलवली, खाली बघितलं, आणि कंदील डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. पुन्हा एकदा त्या कडेकडे बघितलं. चेहरा सैल झाला. मग ती जिना चढून गेली आणि चित्र संपलं.

लॅबवाल्याचा हात माऊसवरून उचलला गेला होता.

"हे आधी असं होतं?" वहीबाईंनी विचारलं.

"असंच होतं," तो म्हणाला. "दोनशे वेळा तरी बघितलाय मी हा शॉट. फ्रेम-फ्रेम करून. त्या थांबतात, मान हलवतात, हात बदलतात. पहिल्यापासून असाच आहे."

"मग ती मान कुणाला हलवते?"

 लॅबवाल्यानं चित्र मागं नेलं आणि परत लावलं. या खेपेला वहीबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. नायिका दारातून आली, थांबली, बघितलं, मान हलवली, हात बदलला. काही फरक नाही. रिळावर जे उमटायचं होतं ते केव्हाच उमटलेलं होतं.

 लॅबवाल्यानं यादीचा कागद पुढं ओढला.

"नजरांचं काय करायचं, मॅडम? मालक विचारतील."

"कंदिलाच्या, बांगड्यांच्या चुका दुरुस्त कर. नजरेला हात लावू नकोस. तिनं विचारलं होतं, एवढं तरी राहू दे."

त्यानं मान डोलावली आणि कागदावर तसं लिहिलं. त्याला वाटलं काम झालं. तो दिवा लावायला उठला. वहीबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. मग त्या उठल्या, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून पडद्याच्या डाव्या कडेशी नेऊन ठेवली, आणि पाठ ताठ करून बसल्या.

"पहिली नजर लाव," त्या म्हणाल्या. "मग दुसरी. सातवीला सांगितलं, राहिलेल्या सहाही ओळीनं. घाई करू नकोस, आणि आवाजाची पट्टी जोडू नकोस."