पाठ करून बसलेलं बाळ

"बाळ पाठ करून बसलंय म्हणे," तपासणीच्या खोलीतून बाहेर येत लेक म्हणाली. "हृदय काही दिसू देत नाही. जरा फिरून, काहीतरी गोड खाऊन या, म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"पाठ करून म्हणजे? मुद्दाम?" बाप म्हणाला.

"हो. तुम्हाला बघून."

बापाला हसू आलं नाही. तो न्हावी होता. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून दुकानाला कुलूप लावून लेकीबरोबर आला होता. तिला सहावा महिना लागला होता. आजवर रक्त, वजन, रक्तदाब अशा तपासण्या झाल्या, त्या निभावल्या. पण आज बाळाचं हृदय बघायचं होतं. लेकीच्या आईच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ते कळलंसुद्धा ही लेक पोटात असतानाच. त्यानंतर बायकोने बरीच वर्षं काढली, पण गेल्या वर्षी त्याच दुखण्याने ती गेली. असलं दुखणं कधी कधी घराण्यात उतरतं, असं डॉक्टरीणबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावण्याआधी तो हल्ली हात झटकून घ्यायचा.

लेक बिस्किटं खात हळूहळू चालत होती. तो वजनकाट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून वजनकाट्यापर्यंत.

"बाबा, बसा हो. पोट मला आलंय आणि येरझारा तुम्ही घालताय."

तो बसला आणि लगेच उठला.

"आई घाबरली होती का, माझ्या वेळी?" लेकीने विचारलं.

"तुझी आई? ती कशाला घाबरते! डॉक्टर म्हणाले, मूल ठेवू नका. ही म्हणाली, तुम्हाला विचारलं कोणी?"

लेक हसली. त्या दिवसांत रात्री मात्र बायको त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून झोपायची. ते त्याने गिळून टाकलं.

पुन्हा बोलावणं आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यालाही आत येऊ दिलं. पडद्यावर सगळं धूसर होतं. त्यात पाठीचा कणा तेवढा कंगव्यासारखा दिसत होता.

"अजून पाठच," बाई म्हणाल्या.

"दुकानात पोरं मान वळवत नाहीत ना, तेव्हा मी दुसऱ्या कानाशी कात्री वाजवतो," तो म्हणाला. "झटकन वळतात." आणि त्याने खिशातून किल्ल्या काढून पोटाजवळ खुळखुळवल्यासुद्धा.

बाळ ढिम्म.

"अहो आजोबा, आपल्याला त्याची हजामत नाही करायची!"

लेकीला हसू फुटलं. तिने दाबलं, तर ते जास्तच फुटलं. पोट गदगदा हललं, पडद्यावरचं चित्रही हललं, आणि कंगवा एकदम नाहीसा झाला.

"वळलं! आता हलू नका कोणी."

मग बाई पडद्याकडे वाकून पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. फार वेळ. त्याला पडद्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघत राहिला.

"चारही कप्पे नीट आहेत. छिद्र दिसत नाही."

"नाही ना? पक्कं?"

"आत्ता तरी दिसत नाही. अगदी बारीक असेल तर जन्मल्यावरच कळतं. तेव्हा परत बघू."

बाहेर आल्यावर तो पुन्हा खिडकीकडे निघाला. तेवढ्यात मागून सदरा ओढला गेला.

"बसा इथे," लेक बाकावरून म्हणाली.

तो बसला. "घाबरलीस का गं?"

"मी कशाला घाबरते!" ती म्हणाली.

तिच्या मुठीत त्याची बाही होती. त्याने तो हात मुळीच हलवला नाही.